थोरले आणि ठकी

थॉर हा नॉर्स लोकांचा मेघगर्जनेचा देव. हातात हातोडा, अंगात डोंगर फोडायचं बळ. पण राक्षसांच्या दरबारात त्याला एक करडं मांजर उचलून दाखवायला सांगितलं, तेव्हा सगळा जोर लावूनही मांजराचा एक पंजा तेवढा जमिनीवरून सुटला. पुढे कथेत खुलासा येतो, की ते मांजर नव्हतंच, पृथ्वीला विळखा घालून बसलेला महासर्प होता. माझा या खुलाशावर विश्वास नाही. आमच्या घरी आठ किलोचा मेन कून जातीचा बोका आहे. झोपलेल्या बोक्याला ज्यानं एकदा तरी सोफ्यावरून हलवायला पाहिलंय, त्याला मध्ये सर्प घालावा लागत नाही.

योगायोगानं त्याचंही नाव थॉर. भाच्यानं ठेवलेलं. भाचा नोकरीसाठी जर्मनीला गेला आणि जाताना हा ऐवज, त्याची वंशावळ आणि नाना तऱ्हेचे कंगवे ‘थोडे दिवस’ म्हणून आमच्याकडे ठेवून गेला. आईनं पहिल्याच दिवशी त्याचं ‘थोरले’ करून टाकलं. वयानं खरं तर ठकी मोठी, पण घेरापुढे ज्येष्ठता चालत नाही.

ठकीला आम्ही दत्तक घेतलं, असं आपलं म्हणायचं. एका पावसाळ्यात ती पार्किंगमधल्या स्कूटरच्या सीटवरून जिन्यात आली, जिन्यातून पायपुसण्यावर आणि तिथून आईच्या मांडीत. भटक्या मांजराला घर देणारा स्वतःला दाता समजतो. मांजर मात्र भाड्याची जागा बघायला आलेल्या बिऱ्हाडकरूसारखं शेजार कसा, कुत्रा आहे का, स्वयंपाकघराचं दार नीट लागतं का, हे सगळं बघून घेतं आणि मग हो म्हणतं. आमच्या आधीच कुणा भल्या माणसानं तिचं ऑपरेशन करून घेतलं होतं. त्याची खूण म्हणून डाव्या कानाचं टोक छाटलेलं आहे. तेवढंच तिचं ओळखपत्र. आईनं जन्मात अंडं फोडलेलं नाही, पण आता बाल्कनीत सुकटीचा डबा असतो. त्यावर मोठ्या अक्षरात ‘ठकी’ लिहिलंय, न जाणो कुणी चटणी समजून भाकरीबरोबर घ्यायचं.

थोरल्यांचं सगळं साग्रसंगीत. पोटाखाली, काखेत, कानांमागे फणी फिरवावी लागते. हयगय झाली की जटा. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे चाटताना निघालेला केस थुंकायची सोयच नाही, तो पोटात जातो. मग एखाद्या पहाटे केसांचा ओला गोळा बाहेर येतो. भोवताली पुसायला सोपी फरशी मोकळी असते, पण मुहूर्त लागतो तो गालिच्यावरच. उरलेले केस वरणात आणि चष्म्यावर. बोटांमधले झुपके बर्फावर चालण्यासाठी आहेत म्हणे. आमच्या गुळगुळीत फरशीवर वळण घेताना थोरले थेट फ्रिजवर जाऊन थडकतात. एवढ्या देहातून आवाज निघतो तो चिमणीचा. एप्रिलमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकला की मुक्काम बाथरूममध्ये, शहाबादी फरशीवर पोट टेकून. अंघोळ त्यांच्या सवडीनं करायची.

घराणं मात्र मोठं. अमेरिकेतल्या मेन राज्यात कथा सांगतात, की फ्रान्सच्या मारी आंत्वानेत राणीनं पळून जायच्या तयारीत आपली लांब केसांची मांजरं जहाजानं पुढे पाठवली. राणी अडकली, मांजरं पोचली. पुरावा शून्य. (पेशव्यांकडून सनद मिळालेली, पण ती पानशेतच्या पुरात वाहून गेलेली घराणी पुण्यातही आहेत.) खरं तर ही शेतावरच्या कोठारांत उंदीर मारणारी मांजरं. तिथल्या हिवाळ्यात दाट केसांची तगली, एवढंच. १८९५ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या प्रदर्शनात त्यांच्यातली कोझी नावाची भाटी पहिली आली, १९८५ मध्ये मेननं त्यांना राज्याचं मांजर ठरवलं. म्हणजे थोरल्यांची खापरपणजी कुणाच्या तरी कोठारातली ठकीच.

उलट ठकीची शेपटी जरा संशयास्पद झुबकेदार आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी १६२० च्या सुमारास इराणात होता. खोरासानच्या लांब केसांच्या मांजरांवर तो इतका भाळला, की चार जोड्या इटलीला न्यायचा बेत त्यानं लिहून ठेवला. पोर्तुगीजांनी ही मांजरं हिंदुस्थानात नेल्याचंही तो सांगतो. पुढे १६२३ मध्ये तो स्वतः गोव्याला आला. आता लांब केसांचा गुण असा, की तो पिढ्यानपिढ्या दडून बसतो आणि आखूड केसांच्या आईबापांच्या पोटी अचानक उगवतो. तेव्हा एखादी खोरासानी बेगम गोव्यात उतरून, घाट चढून आमच्या पार्किंगपर्यंत पोचलीच नसेल असं कोण सांगणार? पुरावा नाही. पण तो राणीच्या मांजरांचाही नाही, आणि त्यांची वंशावळ फ्रेम करून भिंतीवर लावलेली आहे.

परवा भाच्याचा व्हिडिओ कॉल आला. थॉरला आता घेऊन जायचं म्हणतो. मायक्रोचिप, रेबीजची लस, मग रक्ताची तपासणी आणि रक्त दिल्यावर तीन महिने थांबणं, तेव्हा कुठे युरोपात प्रवेश. आईनं ठकीला थोपटत सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“अरे, मग हिचंही रक्त त्याच दिवशी घ्यायला सांग की,” ती म्हणाली. “उगाच दोन हेलपाटे कशाला?”