भाव चढला की जागे होणाऱ्या संपादकांस

संपादक महोदय,



बिटकॉइनने नवा उच्चांक गाठला की बातमी तुमच्या पहिल्या पानावर येते. भाव कोसळला की तीच बातमी आतल्या पानावर, कोपऱ्यातल्या चार ओळींत जाते. तुमच्या वाहिनीवरही तोच प्रकार. हे मी गेली कित्येक वर्षं पाहतो आहे आणि आज तुम्हाला जाब विचारणार आहे.

बाजारात एक समजूत रुजली आहे: क्रिप्टोची बातमी पहिल्या पानावर आली की भावाचं शिखर आलं, विकून मोकळं व्हा. तुमच्या धंद्याबद्दल लोकांनी असा नियम बनवावा, याची तुम्हाला लाज वाटायला हवी. त्यांचंही फारसं चुकत नाही. १४ एप्रिल २०२१ रोजी कॉइनबेस हे अमेरिकी क्रिप्टो एक्स्चेंज नॅस्डॅक या शेअर बाजारात दाखल झालं, जगभर मथळे झळकले. बिटकॉइन त्या दिवशी ६४ हजार डॉलरवर गेलं आणि तीन महिन्यांत ३० हजारांपर्यंत घसरलं. त्याच वर्षी ८ मे रोजी इलॉन मस्क अमेरिकेतल्या 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'मध्ये सूत्रसंचालक म्हणून उभे राहिले. डोजकॉइन या दुसऱ्या क्रिप्टो नाण्याचा आजवरचा उच्चांक त्याच दिवसाचा आहे. कार्यक्रम चालू असतानाच भाव घसरू लागला.

आपल्याकडचं उदाहरण तर आणखी जवळचं. २०२१च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात टी-ट्वेंटी विश्वचषक चालू होता. षटक संपलं की क्रिप्टो एक्स्चेंजची जाहिरात, सिनेमातले नट तिच्यात हसताहेत. दिवाळीत वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती. बिटकॉइन ६९ हजार डॉलरच्या शिखरावर पोचलं ते १० नोव्हेंबरला, म्हणजे स्पर्धा संपायला चार दिवस असताना. पुढच्या नोव्हेंबरात ते १६ हजारांखाली होतं. त्या दिवाळीत ज्याने लाख रुपये घातले, त्याच्याकडे वर्षभरात पंचवीस हजारांच्या आसपास उरले. मधल्या काळात भारतीय क्रिकेटप्रेमीला कुणी सांगितलं की बाबा रे, आता थांब? तुम्ही तर नाहीच.

तरीही शिखर तुम्ही आणता, असा आरोप मी करणार नाही. तेवढी तुमची कुवत नाही. २८ नोव्हेंबर २०१७च्या सुमारास बिटकॉइनने दहा हजार डॉलर ओलांडले तेव्हाही मथळे होतेच, आणि त्यानंतर तीन आठवड्यांत भाव दुप्पट झाला. मथळा बघून विकणारा हात चोळत बसला. दोन-अडीच महिन्यांत भाव पुन्हा सहा हजारांवर आला, तेव्हा तोच शहाणा ठरला. डिसेंबर २०२४मध्ये लाख डॉलरची बातमी तुम्ही केवढ्या टायपात छापली! त्यानंतर भाव एप्रिलमध्ये ७५ हजारांपर्यंत पडला आणि ऑक्टोबर २०२५मध्ये सव्वा लाखाच्या वर गेला. २०२३मध्ये हेच नाणं साडेसोळा हजारांवरून ४२ हजारांवर गेलं, पण त्या वर्षी कुठला विक्रम मोडला नव्हता, म्हणून तुमच्या लेखी काही घडलंच नाही. म्हणजे तुमच्या मथळ्यावरून खरेदी करणं जितकं धोक्याचं, तितकंच तुमच्या मथळ्यावरून विक्री करणंही.

मथळ्यावरून एकच गोष्ट ठामपणे कळते: आता कोण येतंय. नाणं स्वस्त असताना ज्यांनी अभ्यास करून घेतलं, त्यांना तुमच्या बातमीची गरज नव्हती. तुमची बातमी वाचून येतो तो शेवटचा माणूस. त्याला क्रिप्टोचं पाकीट म्हणजे काय, त्याची चावी कुणाच्या ताब्यात असते, एक्स्चेंज बुडालं तर दाद कुठे मागायची, यातलं काहीही ठाऊक नसतं. शेजाऱ्याने पैसे केले एवढंच त्याला ठाऊक असतं, आणि तेही तुम्हीच सांगितलेलं असतं. जुन्या लोकांना वरच्या भावात विकायला गिऱ्हाईक लागतं. ते गिऱ्हाईक तुम्ही पुरवता. माझा राग यावर आहे.

तुमची एखादी चर्चा आठवा. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा बाण, खाली 'विक्रमी उच्चांक'ची पट्टी, आणि पाहुणा कोण? एक्स्चेंजचा अधिकारी. वेळ संपत आली की निवेदक हमखास विचारतो, 'आता शिरायला उशीर झालाय का?' ज्याच्या कंपनीला प्रत्येक खरेदी-विक्रीमागे कमिशन मिळतं, तो या प्रश्नाला 'हो, उशीर झालाय' असं उत्तर देईल का? तुम्हाला हे कळत नाही, असं मी मानत नाही. तुम्ही डोळ्यांवर कातडं ओढून घेतलं आहे.

याच अधिकाऱ्याने जाहिरात केली असती, तर त्याला एक इशारा देणं भाग होतं. भारतीय जाहिरात मानक परिषदेने १ एप्रिल २०२२पासून क्रिप्टोच्या जाहिरातींसाठी तो घालून दिला आहे: ही उत्पादनं अनियंत्रित आहेत, अतिशय जोखमीची असू शकतात, आणि तोटा झाला तर नियामकाकडे दाद मागता येईलच असं नाही. तोच माणूस, तेच बोलणं, पण तुमच्या स्टुडिओत बसला की या ओळी गायब. जाहिरातीपेक्षा बातमी कमी प्रामाणिक ठरावी, याहून मोठी नामुष्की पत्रकारितेची ती कोणती?

आणि जे छापायचं ते तुम्ही छापत नाही. समजा, एकाला बिटकॉइनमध्ये लाखाचा नफा झाला आणि त्याच वर्षी डोजकॉइनमध्ये लाखाचा तोटा. हातात शून्य. तरी त्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर उपकर, म्हणजे ३१,२०० रुपये त्याला भरावे लागतात. तोटा वजा होत नाही, पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. विवरणपत्र भरायला बसल्यावर हे पहिल्यांदा कळणारी माणसं आहेत.

धोका नुसत्या भावाचाही नाही. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या भारतीय क्रिप्टो एक्स्चेंजवर दरोडा पडला, सुमारे २३ कोटी डॉलरची नाणी गेली आणि ग्राहकांचे पैसे अडकले. बिटकॉइनचा भाव तेव्हा पडला नव्हता. नाणी जिथे ठेवली होती ती जागा फुटली. त्याआधी पुण्याने गेनबिटकॉइनचं प्रकरण पाहिलं. दरमहा दहा टक्क्यांचं आमिष, साखळी पद्धतीने जोडलेली माणसं, आणि २०१८मध्ये मुख्य सूत्रधाराला पुणे पोलिसांकडून अटक. बिटकॉइनचा भाव चढतोय, ही त्या योजनेतली एकमेव खरी गोष्ट होती आणि ती तुम्ही घरोघरी पोचवत होता. ठेवी मोडून आलेल्यांचं पुढे काय झालं, हे विचारायला मात्र तुम्ही वरातीमागून घोडं आणल्यासारखे उगवलात.

भाव छापू नका, असं मी म्हणत नाही. पुढचा उच्चांक येईल तेव्हा त्याच बातमीत, त्याच टायपात, आधीच्या शिखरानंतर भाव किती पडला ते छापा. कर किती आणि तोटा वजा होत नाही, हे छापा. पाहुण्याचा पगार कुठून येतो ते पडद्यावर दाखवा. आणि परिषदेने जाहिरातीसाठी सक्तीचा केलेला तो इशारा, कुणी सक्ती करण्याची वाट न पाहता, मथळ्याच्या लगेच खाली द्या.

आपला,
एक वर्गणीदार वाचक