पोस्टमास्तर

संगणकाच्या प्रत्येक कचेरीत एक पोस्टमास्तर असतातच, तुमच्याही असतील. फॉर्म ज्या 'पोस्ट' रिक्वेस्टने जातो, तिच्यावरून त्यांना हे नाव पडलेले असते. संकेतस्थळावरचा जो फॉर्म माणसाने भरला असता विनातक्रार दाखल होतो, तोच स्क्रिप्टने पाठवला असता सर्व्हर नामंजूर का करतो, या एकाच संशयाच्या निरसनार्थ आपला जन्म झाला आहे अशी त्यांची दृढ श्रद्धा असते, आणि त्या श्रद्धेचा महामंत्र एकच : "ते राहू द्या हो. ब्राउझर काय पाठवतो, ते पाहिलंत का?"

एखादा हवालदिल तरुण येऊन म्हणतो, "सर, मी नाव पाठवतोय, तरी सर्व्हर म्हणतो नाव भरा!" पोस्टमास्तर चहाचा घोट घेतात आणि मंत्र उच्चारतात. नेटवर्क टॅब उघडला जातो, आणि मग ध्यानात येते की सर्व्हरला साधा फॉर्म-एन्कोडेड मजकूर हवा असताना या पठ्ठ्याने तो जेसनमध्ये धाडला आहे. दुसरा येतो, त्याने अदृश्य रकान्यातले सीएसआरएफ टोकन पाठवलेलेच नसते. ते आधी फॉर्मचे पान मागवल्यावाचून मिळत नाही आणि कुकी सांभाळल्यावाचून चालत नाही, म्हणून जँगोने ४०३चे फर्मान काढून त्याला दारातूनच वाटेला लावलेले असते. तिसऱ्याने 'एचटीटीपीएस'मधला शेवटचा 'एस' गाळलेला असतो. सर्व्हर ३०१ म्हणून योग्य पत्ता सांगतो, आणि त्याची लायब्ररी तेथे 'पोस्ट'ऐवजी 'गेट' घेऊन, सारा मजकूर वाटेत टाकून, रिकाम्या हाताने पोहोचते. हाताने जोडलेल्या मजकुरात '+९१' मधल्या अधिकचिन्हाची मोकळी जागा होते; आणि 'श्री' एवढे एक अक्षर टक्केचिन्हांत घातले की त्याची लांबी ३६ भरते. मराठीचा आणि फॉर्मचा छत्तीसाचा आकडा आहे, हा विनोद पोस्टमास्तर नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात.

हे सारे कचेरीपुरते राहते तर आमची हरकत नव्हती. परंतु भाच्याला स्थळांकडून नकार येऊ लागले, तेव्हा भर बैठकीत त्यांनी बहिणीला विचारले, "ज्यांची लग्नं जमली, त्यांच्या बायोडेटात काय होतं, ते पाहिलंस का?" वहिनींचे मोदक उकडताना फुटले, तेव्हा ते म्हणाले, "आई काय करते, ते पाहिलंस का?" त्या रात्री वहिनींकडून कोणताही रिस्पॉन्स आला नाही, अशा प्रसंगाला टाइमआउट म्हणतात, ही माहितीही आम्हांला त्यांनीच पुरवली.

एक गोष्ट मात्र, नाइलाजाने का होईना, त्यांच्या पदरात टाकली पाहिजे. त्यांचा राग ४०३वर नाही, कारण तो निदान तोंडावर नकार देतो. त्यांचा खरा रोष २००वर आहे : वर 'सर्व ठीक' असा शिक्का आणि आत पाहावे तर पुन्हा लॉगिनचे पान! एकदा या विषयावर बोलता बोलता त्यांनी सांगितले की वडिलांच्या निवृत्तिवेतनाचा अर्ज एका कचेरीतून 'त्रुटीपूर्ण' एवढ्याच शेऱ्यानिशी वारंवार परत येई. कोणती त्रुटी, हे कोणीच लिहीत नसे. अखेर वडिलांनी एका सहकाऱ्याचा मंजूर झालेला अर्ज मागून आणला, आपला त्याच्याशेजारी ठेवला आणि शाळकरी मुलाला एकेक रकाना मोठ्याने वाचायला बसवले. पुढे ब्राउझर आला, इतकेच.

तेव्हा वाचकहो, सर्व्हर लिहिण्याचा प्रसंग तुमच्यावर आला, तर नकाराखाली चुकलेल्या रकान्याचे नावही लिहीत चला. एवढे सर्वांनी केले, तर पोस्टमास्तरांची ही जात आपोआप नामशेष होईल, आणि त्याचा सर्वांत अधिक आनंद पोस्टमास्तरांनाच होईल.