उतारवयातली जर्मन गाडी

दहा-बारा वर्षांची जर्मन सेडान आज नव्या हॅचबॅकच्या भावात मिळते. ही माहिती माणसाला नेमकी रविवारी सकाळी कळते. पोहे पोटात गेलेले असतात, बँकेत थोडी शिल्लक असते आणि मोबाइलवर काळीभोर, लांबलचक गाडी उभी असते. एकहाती वापरलेली, डॉक्टरांची, किंमत नऊ लाख. नवी होती तेव्हा तिचे चाळीस-पन्नास लाख पडले होते. म्हणजे आपण घेतली तर चाळीस लाख वाचले, असा हिशेब चहाचा दुसरा कप येईपर्यंत मांडून होतो. (जुन्या गाड्यांच्या जाहिराती वाचून वाटतं की या राज्यातल्या सगळ्या मोटारी डॉक्टरच चालवतात, त्याही फक्त घरापासून दवाखान्यापर्यंत.)

हिशेबात खोट एवढीच की किंमत गाडीची उतरलेली असते, तिच्या सुट्या भागांची नाही. गाडी आता दुसऱ्या मालकाकडे आहे, हे हेडलाइटला कुणी कळवलेलं नसतं. तो आपला पन्नास लाखांच्या गाडीचाच हेडलाइट असतो आणि त्याच तोऱ्यात येतो.

माझ्या मावसभावाने अशी एक गाडी घेतली. कोणत्या कंपनीची ते सांगत नाही, कारण त्याचं तिच्यावर अजून प्रेम आहे. सुरुवातीचे दिवस फार छान गेले. सोसायटीचा वॉचमन वर्षानुवर्षं खुर्चीत बसूनच मान हलवायचा, तो उठून उभा राहू लागला. लग्नाच्या हॉलवर पार्किंगवाला पोरगा शिट्टी वाजवून गाडी फाटकाजवळ, सगळ्यांना दिसेल अशी लावायला सांगू लागला. मग एका सकाळी पाहतात तर गाडी एका अंगावर बसलेली, गोठ्यात म्हैस बसते तशी.

यात भुताटकी नाही. बऱ्याच महागड्या सेडानमध्ये पोलादी स्प्रिंगऐवजी हवा भरलेले रबरी फुगे असतात. १९९८ साली आलेल्या मर्सिडीझच्या एस-क्लासपासून ही चैन चांगलीच रुळली. खड्ड्यावरून जाताना आतल्या माणसाला खड्डा कळत नाही, हे खरं आहे. तो फुग्याला कळतो. वय झालं की रबराला बारीक चिरा पडतात आणि रात्रभरात हवा निघून जाते. सकाळी गाडी सुरू केली की कंप्रेसर तिला पुन्हा उचलून उभी करतो. तो बिचारा अधूनमधून थोडा वेळ चालण्यासाठी बनवलेला. गळक्या फुग्यात हवा भरून भरून शेवटी तोच जळतो. आजार फुग्याचा आणि जीव जातो कंप्रेसरचा. शिवाय एका बाजूचा फुगा बदलावा, तर दुसऱ्या बाजूचाही त्याच वयाचा. प्रत्येकाचा आकडा पाच अंकी. मेकॅनिक हे सगळं लॅपटॉपवर चित्र दाखवून समजावत होता, तेव्हा वहिनींनी शांतपणे विचारलं, "अहो, आपल्या जुन्या गाडीला स्प्रिंगच होती ना?"

कधी कधी वाटतं, या गाड्या शहाण्या आहेत हेच त्यांचं मुख्य दुखणं आहे. २००२च्या ई-क्लासला मर्सिडीझने विजेच्या हुकमावर चालणारे ब्रेक दिले. ब्रेक किती वेळा दाबला ते त्यातला पंप मोजत बसतो आणि आकडा साधारण तीन लाखांच्या घरात गेला की 'मला बदला' म्हणून दिवा लावतो. जर्मनीतल्या मोकळ्या रस्त्यांवर तीन लाखांना बरीच वर्षं लागत असतील. आपल्याकडे पुण्यात लक्ष्मी रोडवरून दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एक फेरी मारली तरी त्या मोजणीला चांगला हातभार लागतो. पुढे कंपनीने लाखो गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आणि २००६मध्ये मुकाट्याने पूर्वीसारखे ब्रेक आणले. बीएमडब्ल्यूच्या कित्येक इंजिनांत पाण्याची टाकी आणि नळ्यांचे जोड प्लॅस्टिकचे. वर्षानुवर्षं तापून ते बिस्किटासारखे ठिसूळ होतात. या गाडीला नवी बॅटरी बसवली, तर तेही तिच्या संगणकाला रीतसर कळवावं लागतं. याउलट १९९५पासून टेल्कोच्या पुण्यातल्या आवारात जुळवली गेलेली जुनी ई-क्लास, त्यातही डिझेल, अजून कुठे कुठे निमूट धावताना दिसते. तिला फार काही कळत नाही.

पावसाळा हे वेगळंच प्रकरण. सनरूफ म्हणजे छताला मुद्दाम ठेवलेलं भोक. त्याच्या कडेने पाणी झिरपतंच आणि ते खाली सोडायला कोपऱ्यांतून बारीक नळ्या काढलेल्या असतात. गाडी चिंचेखाली किंवा गुलमोहराखाली लावली की त्यांची इवली पानं आणि धूळ मिळून नळी बुजवतात. मग पाणी छतातून खांबात आणि तिथून गालिच्याखाली उतरतं. काही गाड्यांचे इलेक्ट्रॉनिक मेंदू नेमके तिथेच, पायाखाली नाही तर डिकीत ठेवलेले असतात. ऐन आषाढात काचा आपोआप खाली येतात, हॉर्न स्वतःहून वाजतो, आणि घरातले लोक मांत्रिक की मेकॅनिक यावर चर्चा करतात. उपाय म्हणजे वर्षातून एकदा मे महिन्यात त्या नळ्या साफ करून घेणं. खर्च किरकोळ. म्हणूनच बहुधा तो कुणी करत नाही.

पुरात बुडालेली गाडी मात्र साफ करून सुधारत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा किती गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या ते मुंबईकरांना आठवत असेल. अशा गाड्या धुऊन, वाळवून, सुगंधी फवारा मारून परगावी विकल्या जातात. गाडीत शिरताच चंदनाचा फार वास आला, तर पुढचं आसन सरकवून खालचे रूळ गंजलेत का ते पाहा.

विम्यात आणखी एक गंमत आहे. साध्या पॉलिसीत अपघातानंतर रबर, प्लॅस्टिक आणि नायलॉनच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात. या गाडीचं पुढचं अख्खं तोंड प्लॅस्टिकचं. रिक्षाने नुसतं नाक घासलं तरी निम्मा बंपर आपल्या खिशातून. नुसत्या झिजेला तर विमा ओळखही दाखवत नाही. उरलेल्या गोष्टी पटकन सांगतो. हवा गेली तरी न थांबणारे रनफ्लॅट टायर असले की डिकीत स्टेपनी नसते. गिअरबॉक्सचं तेल कधी बदलायचंच नाही असं गाडी विकणारे सांगत आले, पण गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान बदला म्हणते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५मध्ये हरित लवादाची कुऱ्हाड पडल्यापासून तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात येतात. त्यांच्या किमतीत एनओसी, आपल्या आरटीओचा कर आणि एजंटाचा चहा धरायचा असतो.

एवढं असूनही लोक या गाड्या का घेतात, ते मला एकदाच कळलं. मावसभावाने द्रुतगती मार्गावर गाडी माझ्या हाती दिली. कारखान्याने ताशी २५० किलोमीटरला लगाम घातलेलं ते जनावर १००च्या मर्यादेत, जांभई देत चालावं तसं चाललं होतं. आत किशोरीताईंचा भूप स्पष्ट ऐकू येत होता. लोणावळा आलं तेव्हा वाईट वाटलं. हे सुख खोटं नाही, आणि ज्याला ते हवंय त्याला मी हसणार नाही.

तर माझं मत असं : नऊ लाख असतील तर सहाची गाडी पाहा आणि तीन बँकेत ठेवा. ते तिथे फार दिवस राहणार नाहीत. कंपनीच्या वर्कशॉपात कॉफी उत्तम मिळते, पण गावात त्याच गाड्या करणारा, स्वतःचा स्कॅनर असलेला मेकॅनिक आधी शोधा आणि गाडी नंतर. सर्व्हिसची जुनी बिलं मागा; बिलं नसतील तर डॉक्टरही नव्हते असं समजा. पाहायला सकाळी लवकर जा आणि इंजिन सुरू करून ठेवू नका असं आदल्या दिवशी फोन करून सांगा. तरीही बॉनेटला हात लावल्यावर ते गरम लागलं, तर देतील तो चहा घ्या आणि घरी या.