लेसन-वसुली : बारडोलीतल्या नव्या पालकांसाठी

बारडोलीत राहून मुलाकडून गृहपाठ वसूल करायला निघालेल्या पालकाने आधी गावाचा इतिहास वाचावा. 1927 साली मुंबई सरकारने या तालुक्याचा शेतसारा 22 टक्क्यांनी वाढवला. सरकारपाशी कलेक्टर होते, जप्तीचे कायदे होते, भाड्याने आणलेले पठाण होते. सारा न भरण्याची, 1928च्या फेब्रुवारीत सुरू झालेली ही लढाई ऑगस्टमध्ये सरकारने गमावली आणि ती चालवणाऱ्या वल्लभभाई पटेलांचे ‘सरदार’ झाले. तुमच्यापाशी फार तर एक लाकडी पट्टी आहे, आणि समोरचा तिसरीतला असामी याच पाण्यावर वाढलेला आहे.

साहित्य : मूल एक. दप्तर एक. कंपासपेटी, शार्पनर हरवलेली. पालक एक (दोन घेतल्यास भांडण आयतंच तयार होतं). मोबाइल हातात ठेवायचा असेल, तर बाकीचं साहित्य नाही जमवलं तरी चालेल.

कृती. संध्याकाळी घरात शिरताना, चप्पल पायात असतानाच विचारावं, “लेसन झालं का?” गृहपाठ म्हणू नये, इकडे पोरं लेसनच म्हणतात. उत्तर येईल, “आज आप्युं ज नथी” (आज दिलेलंच नाही). यावर विश्वास ठेवावा. पाच मिनिटांनी वर्गाच्या ग्रुपवर फळ्याचा फोटो येतो, तेव्हा विश्वास काढून घ्यावा.

आता जप्ती. रिमोट, सायकल, आणि डिसेंबर लागला असेल तर पतंगाची फिरकी ताब्यात घ्यावी. 1928 मध्ये जप्तीवाले गावात आले, की ढोल वाजायचे, दारांना कुलपं लागायची, आणि म्हशी माणसांसकट महिनोन् महिने घरात कोंडलेल्या असायच्या. तुमच्याकडेही साधारण हेच होईल. तुम्ही जिन्यात असतानाच धाकटी बहीण ओरडते, आणि तुम्ही आत पोचेपर्यंत रिमोट आजीच्या उशीखाली गेलेला असतो. त्या वेळी तालुक्यातल्या पटेल-तलाट्यांनी धडाधड राजीनामे दिले होते. आजीने सरकारी नोकरी पत्करलेलीच नसते.

इथे बहुतेक पालक पट्टी उचलतात. उचलू नये. नैतिक कारणं बाजूला ठेवली, तरी पोराला गणित येत नाही ते नाहीच, वर लपवायचं कसं हे मात्र पक्कं होतं.

आता त्या लढाईचा उत्तरार्ध, जो भाषणांत सहसा येत नाही. तडजोडीनंतर ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या दोन साहेबांना चौकशीला बसवलं. ते गावोगाव फिरले, लोकांना विचारलं, हिशोब तपासले. वाढ 22 नव्हे, सहा टक्क्यांच्या आसपास हवी होती, असं त्यांनी लिहून दिलं. म्हणजे सरकारने आधी आकडा ठरवला आणि तपास नंतर केला. घरोघरी हेच चालतं.

तेव्हा दप्तर उघडून शेजारी बसा आणि चौकशी करा. शाळेचं किती, ट्यूशनचं किती, कसोटीचं (म्हणजे चाचणीचं) किती, आणि ‘अक्षर सुधारावं’ म्हणून तुम्ही स्वतः लादलेलं पान कुठलं? ते पान आधी फाडा. पोर कुठे अडतंय ते मग दिसतं. ताप्ती लाइनने नंदुरबार-नवापूरकडून इकडे आलेल्या बापाची अडचण वेगळीच. तो “बे दुणे चार, बे त्रिक सहा” म्हणतो, पोरगा “बे दु चार, बे तरी छ” म्हणतो, आणि उत्तर एकच असताना अर्धा तास हुज्जत चालते. बापाने तोंड मिटून उत्तर तेवढं ऐकावं.

ठरावीक वेळ, ठरावीक जागा, वीस मिनिटं, तुमचा फोन दुसऱ्या खोलीत. हे जमलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं एबिंगहाउस नावाच्या जर्मनाने 1885 मध्येच छापून ठेवलंय. निरर्थक अक्षरगट स्वतःच पाठ करून तो विसरण्याचा वेग मोजत बसला (लेसन कोणी दिलेलं नसताना!). त्यातून निघालं ते असं, की थोडं आज, थोडं उद्या, थोडं चार दिवसांनी केलेलं टिकतं, आणि कसोटीच्या आदल्या रात्री कोंबलेलं गळून जातं.

ठरावीक जागा म्हटलं खरं, पण ही पुस्तिका ज्यांच्या घराला भिंती आहेत त्यांच्यासाठीच आहे, हे कबूल करायला हवं. दिवाळीनंतर बारडोलीच्या साखर कारखान्यासाठी ऊस तोडायला डांग, नंदुरबार, धुळ्याकडून कुटुंबं येतात आणि पडाव टाकतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पोरं बरोबर येतात, आणि गावच्या शाळेत त्यांच्या जागा उन्हाळ्यापर्यंत रिकाम्या. लेसन द्यायला बहुतेक पडावांवर शाळा नाही आणि विचारायला आईबाप जागेवर नाहीत. यावरचा तोडगा आपल्याच माणसांनी काढून ठेवलाय. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांकडे, म्हणजे गुजरातने ज्यांना ‘मूछाळी मा’ म्हटलं त्यांच्याकडे, बालशिक्षणाचं काम शिकल्या. पुढे बोर्डी-कोसबाडला अनुताई वाघांबरोबर त्यांनी शाळाच पाड्याच्या अंगणात नेली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात. पोरगं शाळेत येत नाही म्हणून त्याच्यावर जप्ती नेली नाही. उसाच्या फडाकडे मात्र अशी शाळा हवी तितकी गेलेली नाही, आणि याचा राग यायला हवा तितका कोणाला येत नाही.

शेवटी सुट्या. नवरात्रीच्या नऊ रात्री गरबा आटोपून पोर घरी येतं ते झोपेतच, तेव्हा वसुली तहकूब. 14 जानेवारीला उत्तरायण आणि 15ला वासी उत्तरायण : या दोन दिवशी जप्त केलेली फिरकी बिनशर्त परत करावी, गच्चीवर जावं आणि मांजा धरावा. लेसनचा विषय काढल्यास पतंग तुमचाच कापला जाईल. तक्रार असल्यास आजीकडे नोंदवावी, निकाल तिने आधीच लावून ठेवलेला असतो.