फुलांच्या अंगावर

निसर्गाशी नातं जोडायचं तर अंतर राखून कसं चालेल? म्हणून आपला निसर्गप्रेमी सप्टेंबरात साताऱ्याहून कासच्या पठारावर चढतो आणि थेट फुलांत बसतो. काही तर आडवेच होतात. जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम थर. त्यात सीतेची आसवं, तेरडा, किडे गिळणारा दवबिंदू कसेबसे उगवतात. टोपली कारवी तर सात वर्षांतून एकदा फुलते. एवढी थांबली, तर फोटो काढताना अंगाखाली यायला तिला काय हरकत असावी! २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटाबरोबर कासलाही जागतिक वारशात घेतलं. वारसा म्हटल्यावर वारसदार हक्क सांगायला येणारच.

पर्यावरणाचं भान मात्र पक्कं. बाटली तांब्याची, पिशवी कापडी, पिशवीवर झाडाचं चित्र. सात जणांच्या गाडीत दोघंच, काचा बंद, एसी चालू. डोंगरावरचा वारा जरा जास्तच नैसर्गिक असतो.

पठाराची राखण करणाऱ्या समितीचा पोरगा शिट्टी फुंकतो. त्याला समजावलं जातं, "अरे दादा, आम्ही नेचर लव्हर आहोत." पोरगा शेजारच्याच गावचा. त्याला कुणी नेचर लव्हर म्हणत नाही. तो नुसता तिथं राहतो.