वारा येईल तशी पाठ

दोना पावलाला आलेले लोक जेटीवर फोटो काढतात, काजू घेतात आणि जातात. मी मात्र समोरच्या मुरगाव बंदरातली जहाजं बघत लाइफ जॅकेटमध्ये पोट कोंबत होतो. विंडसर्फिंग 1984 पासून ऑलिंपिकमध्ये आहे, असं बायकोला ऐकवलं. ‘‘पण तिथे तुम्हांला कोणी बोलावलंय का?’’ ती म्हणाली.

शिकवणारी मुलगी आमच्या लेकीच्या वयाची. पहिला धडा: ‘‘अंकल, वाऱ्याकडे पाठ करा.’’ वारा येईल तशी पाठ देण्यात सरकारी नोकरीची उभी हयात गेलेली, त्यामुळे हे लगेच जमलं. मग फळीवर उभं राहून, पाण्यात आडवं पडलेलं शीड दोरीने उभं करायचं. हातांनी नाही, गुडघे वाकवून, अंगाचा भार मागे टाकून. माझ्याकडे दुसरं काही नसलं तरी भार भरपूर आहे.

या फळीला सुकाणू नसतं. डोलकाठी बुडाच्या सांध्यावर हवी तशी कलते, तेच सुकाणू. काठी शेपटाकडे कलवली की फळीचं नाक वाऱ्याकडे वळतं, पुढे कलवली की वाऱ्यापासून लांब. थेट वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुणालाच जाता येत नाही. दोन्ही बाजूंनी साधारण 45 अंश सोडून नागमोडी जायचं. साहेबांपर्यंत फाइल ज्याने पोचवली आहे, त्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. दर वळणावर काठीच्या पुढून लहान लहान पावलं टाकत पलीकडे जायचं.

‘‘अहो, अर्धीच प्रदक्षिणा?’’ काठावरून आवाज आला. ‘‘वटपौर्णिमेला मी सात घालते!’’

खरी फजिती वाऱ्याबरोबर जाताना. एरवी शीड बाजूला ओढतं, त्या ओढीवर रेलून उभं राहता येतं. वारा पाठून आला की रेलायलाच काही उरत नाही. शीड छातीसमोर आडवं, पाय मागे सरकवून फाकलेले, आणि फळी दोन्ही अंगांनी डुलते. त्यात आपणही वाऱ्याबरोबरच निघालेले, म्हणून अंगाला तो फारसा लागत नाही. वारा पडला असं समजून मी निवांत झालो. काठावरची बायको तेवढ्यात बोटाएवढी झाली होती. दुपारचा वायव्येचा वारा मला झुआरी नदीच्या आत, कुठ्ठाळी गावाच्या दिशेने नेत होता.

होडीवाला आला, दोरी फेकली आणि अगदी अदबीने म्हणाला, ‘‘साहेब, कुठ्ठाळीला सोडू का?’’