शेरा : चवथीनंतर

भाईंनी गाडीचा एकही नट अजून सैल केलेला नाही. पण ट्रायम्फ स्पिटफायरच्या पुढच्या चाकातल्या ट्रनियनबद्दल मये ते डिचोली या पट्ट्यात त्यांच्याइतके कोणाला कळत असेल, असे मला वाटत नाही. ट्रनियन हा शब्दच मयेत भाईंनी आणला. आता तो नारळ पाडायला येणाऱ्या पाडेल्यालाही पाठ झाला आहे, कारण माडावरून उतरल्यावर पैसे हातात पडेपर्यंत त्याला ऐकून घ्यावेच लागते.

जुनी गाडी घ्यायची आणि 'मेस्ताला हात लावू देणार नाही, सगळे मी स्वतः करणार' असे जाहीर करायचे, ही माणसांची जात हल्ली गावोगाव वाढली आहे. पेडण्याकडे कोणी येझदी उघडून बसलेला असतो, साखळीत कोणी विलिस जीप. भाई या जातीचा अर्क. त्यांची सगळी नोकरी खाणीच्या स्टोअरमध्ये गेली. डंपरचा कुठला फिल्टर कुठल्या रॅकवर आहे, कुठल्या बेअरिंगला पर्याय कुठला चालतो, हे ते झोपेतून उठवून विचारले तरी सांगत. डंपर उघडले मात्र कायम दुसऱ्यांनी. २०१२ साली खाणी बंद पडल्या, स्टोअरला कुलूप लागले आणि एवढी मोठी नियोजनशक्ती मयेच्या एका अंगणात बिनकामाची येऊन पडली. पहिली काही वर्षे ती वहिनींच्या स्वयंपाकघरावर खर्च झाली. डाळींच्या डब्यांना बिन कार्डे लागली. मग स्पिटफायर आली आणि वहिनींनी देवाला नारळ ठेवला.

गाडी लाल, दोन माणसांची, छप्पर कापडाचे आणि तेही अर्धेच. ट्रकवरून ती ढकलत उतरवली, त्यामुळे मयेतल्या रिवाजाप्रमाणे 'ॲव्हरेज किती देते?' हे कोणी विचारले नाही. विकणाऱ्याने मात्र भाईंना सांगितले होते, की गाडी पोर्तुगीज काळात बोटीने थेट मुरगावला उतरलेली आहे. गोव्यात प्रत्येक जुन्या गाडीबद्दल असे सांगतात, आणि ते दरवेळी खोटे असते असेही नाही. खनिजाचा पैसा होता, परदेशी गाड्या खरोखरच येत होत्या. पण स्पिटफायर जगाने पहिल्यांदा पाहिली ती ऑक्टोबर १९६२ मध्ये, लंडनच्या मोटर शोमध्ये, आणि गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी. म्हणजे ही गाडी जन्माआधीच दहा महिने मुरगावला उतरली होती! मी हे भाईंच्या नजरेस आणून दिले. त्यांनी चष्मा पुसला, वहीत 'पूर्वेतिहास : तपासणे' अशी नोंद केली आणि पान उलटले.

ही वही नीट पाहायला हवी, कारण भाईंच्या घरात चालू स्थितीत असलेली वस्तू तीच. लाल कापडी पाठीची, लांबट, हिशेबाची. रकाने पाच : अनुक्रमांक, भाग, नग, पर्याय, शेरा. क्लच प्लेटीपुढे एक नग लिहून शेरा आहे, 'गिअरबॉक्स उतरवल्यास'. गिअरबॉक्सपुढे शेरा आहे, 'क्लचचे काम निघाल्यास'. ही दोन कामे एकमेकांकडे पाहत तशीच उभी आहेत. शेऱ्याच्या रकान्यात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द मात्र 'चवथीनंतर'. चवथ झाली की तिथे 'दिवाळीनंतर' होते, मग 'शिगमो झाल्यावर', मग 'लईराईच्या जत्रेनंतर'. जत्रा झाली की पाऊस तोंडावर येतो, आणि पावसात उघडे इंजिन ठेवणे म्हणजे तांबेऱ्याला जेवायला बोलावणे. ते कोण करील? मग पुन्हा चवथ. खोडरबराने त्या रकान्याचा कागद इतका पातळ झाला आहे, की आता पलीकडच्या पानावरचे कार्बोरेटर दिसतात.

पर्यायाच्या रकान्यापुढे मात्र मी टोपी काढतो. विलायतेहून भाग मागवायचे तर टपालखर्च आणि जकात धरून गाडीपेक्षा डबे महाग. भाईंनी शोधून काढले, की स्पिटफायर म्हणजे मुळात ट्रायम्फ हेरल्डचीच चासी आखूड करून तिच्यावर चढवलेली देखणी बॉडी. दोन्ही गाड्यांची रूपे मिकेलोत्ती या एकाच इटालियन माणसाने रेखलेली. आणि हेरल्ड तर आपल्याकडे मद्रासला बनत होती! स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्सने १९६१ पासून ती 'स्टँडर्ड हेरल्ड' म्हणून विकली, पुढे तिचीच गॅझेल झाली. म्हणजे विलायती राजकन्येची सख्खी चुलत बहीण कोल्हापूर-बेळगावच्या भंगारवाल्यांकडे पडून असायची शक्यता होती. हे कळले त्या रात्री भाईंना झोप लागली नाही. त्यांनी रकान्यात हिरव्या शाईने खुणा केल्या.

हत्यारांचीही कथा अशीच. शेजारचा मेस्त, ज्याने खाणीचे ट्रक उघडण्यात हयात घालवली, एकदा सहज हात लावायला आला. बॉनेट उघडले. स्पिटफायरचे बॉनेट मडगार्डांसकट अख्खे पुढे कलते आणि इंजिन सगळीकडून मोकळे होते. मेस्त पुढच्या टायरवर ऐसपैस बसला. हातात तेराचा पाना. एका नटावर तो लावणार, एवढ्यात भाईंनी त्याचे मनगट धरले.

"हा अर्ध्या इंचाचा नट आहे."

"भाई, बसता मरे!"

"बसतो, तोच तर धोका. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तुझा पाना तेराचा. पाना फिरेल, नट जागचा हलणार नाही, कडा तेवढ्या गोल होतील."

मेस्ताने पाना खिशात घातला आणि चहा पिऊन गेला. भाईंचे शब्दन् शब्द बरोबर होते. पुढच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाऊन, जमिनीवर जुनी हत्यारे मांडून बसणाऱ्यांकडून त्यांनी इंचांचे पाने गोळा केले : सात-सोळांश, अर्धा, नऊ-सोळांश. घरी आणून घासलेटात धुतले. प्लायवूडच्या फळीवर खिळे मारले, आणि प्रत्येक पान्याची बाह्यरेषा पांढऱ्या रंगाने काढली, म्हणजे कोणता जागेवर नाही ते लांबून दिसावे. सगळेच्या सगळे कायम जागेवर असतात.

ट्रनियनचा वाद मात्र गंभीर होता. पुढच्या चाकाचा उभा दांडा खालच्या टोकाला आट्यांवर एका पितळी तुकड्यात फिरतो, तो ट्रनियन. स्टिअरिंग वळवले की ते आटे फिरतात. मेस्ताचे म्हणणे, निपल दिसले की ग्रीस मारायचे. ट्रकला आयुष्यभर तेच केले. भाईंचे म्हणणे, इथे ग्रीस नाही, नव्वद नंबरचे गिअर ऑइल. ग्रीस घट्ट होते, आट्यांत पोचत नाही, पाणी शिरते, दांडा आतून गंजतो आणि एके दिवशी वळणावर तुटून चाक आडवे होते. इथेही भाई शंभर टक्के बरोबर. या गाडीची ही जगजाहीर खोड आहे, आणि आपल्या पावसात तर ती आणखी लवकर उपटेल. त्यांनी ऑइल आणले. पिचकारीही आणली. पिचकारीचे तोंड निपलला लागत नाही, म्हणून मधल्या जोडाचे रेखाचित्र काढले. रेखाचित्र सुरेख आहे.

मग खड्ड्याचे प्रकरण आले. मोठे काम करायचे तर गाडीखाली उभे राहायला खड्डा हवा. अंगणात चिरा, खणणे अवघड, पण अशक्य नाही. प्रश्न होता, अंगण कोणाचे? हे मयेतच विचारावे लागते. मुक्तीनंतर भाटकार, म्हणजे जमीनदार, पोर्तुगालला गेला, गावातली बरीचशी जमीन सरकारी कस्टोडियनच्या नावावर राहिली, आणि पिढ्यान् पिढ्या राहणारी माणसे स्वतःच्याच अंगणात परक्यासारखी झाली. त्यासाठी गावाने आंदोलने केली, २०१४ मध्ये कायदा झाला, तरी सनद हा शब्द काढला की मयेकर अजून खुर्ची ओढून बसतो. भाईंनी खड्ड्याच्या परवानगीसाठी फाइल उघडली. लांबी, रुंदी, पायऱ्या, पावसाचे पाणी उपसायला पंप, सगळे आखले. कोणी म्हणाले, भाई, मयेत एवढे खोल गेलात तर तलाव तुमच्याकडे येईल. त्यांनी तेही वहीत लिहून घेतले.

एवढे झाल्यावर त्यांना कळले, की स्पिटफायरचा गिअरबॉक्स खालून काढतच नाहीत. सीट काढायच्या, मधला पुठ्ठ्याचा बोगदा उचलायचा आणि गिअरबॉक्स गाडीच्या आतून, दारातून बाहेर घ्यायचा. खड्डा नकोच. भाईंना आनंद झाला असेल असे तुम्हाला वाटेल. ते दोन दिवस जेवले नाहीत धड. खड्ड्याचा आराखडा फार सुबक उतरला होता.

इंजिनला मात्र वरूनच यावे लागणार. त्यासाठी चेन ब्लॉक, आणि चेन ब्लॉकसाठी भक्कम तुळई. घरात अशी तुळई एकच, चौकीतली, जिच्याखाली चवथीला गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधतात. भाईंनी टेप घेऊन मापे काढली. वहिनी दारात उभ्या होत्या.

"गणपतीच्या डोक्यावर इंजिन टांगणार?"

"नंतर गं. चवथीनंतर."

"मग बाप्पा पुढच्या वर्षी यायच्या आधी उतरेल का ते?"

भाईंनी टेप गुंडाळली. घरात जिला शेऱ्याचा रकाना वाचता येतो अशी ही एकच व्यक्ती.

कागदपत्रांचा भाग मी थोडक्यात सांगतो, भाई सांगतात तेव्हा संध्याकाळ जाते. केंद्राने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणी आणली : पाटीवर 'व्हीए' ही अक्षरे, पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांनी नूतनीकरणाला ५,०००. अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शनाला न्या, रॅलीला न्या, पेट्रोल भरायला न्या, देखभालीला न्या. भाईंना हे कलम फार आवडले. पण देखभाल तर घरच्या अंगणातच होणार! मग गाडी बाहेर न्यायची ती कशासाठी? आता ते रॅलीचा विचार करत आहेत. 'रॅली' पुढे शेरा लिहून झाला आहे, तो काय हे सांगायची गरज नाही.

बॅटरीवर कोणी हात ठेवू नये म्हणून त्यांनी तिच्यावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे : 'प्लस अर्थ'. सुरुवातीच्या स्पिटफायरला बॅटरीचा अधिक ध्रुव बॉडीला जोडलेला असतो, आपल्या नेहमीच्या गाड्यांच्या अगदी उलट. नवखा इलेक्ट्रिशियन सवयीने उलटे जोडील आणि वायरिंग धुराला लावील, ही भाईंची भीती रास्त आहे. त्या पाटीखाली बॅटरी मात्र नाही. ती घ्यायची आहे.

टर उडवणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की या गाडीचे काम ज्या दिवशी निघेल त्या दिवशी गोव्यात यापेक्षा नीट झालेले काम सापडणार नाही. काढलेला प्रत्येक बोल्ट कुठे जायचा, त्याचे डबे आधीच तयार आहेत : श्रीखंडाचे, बिस्किटांचे, आणि प्रत्येकावर चिठ्ठी. पॉइंटचा गॅप पंधरा हजारांश इंच ठेवायचा, हे भाईंना माहीत आहे. मेस्त तो लग्नपत्रिकेचा कोपरा घालून ठरवतो. मेस्ताची गाडी चालते, हा मुद्दा मी मुद्दामच काढत नाही.

परवा भाई स्वतः आमच्याकडे आले, वही काखेत. बेळगावजवळ एक स्टँडर्ड हेरल्ड सापडली होती. इंजिन जाम, दारे सडलेली, पण पुढचे सस्पेन्शन पूर्ण.

"पार्टसाठी हो," ते म्हणाले. "नुसती पार्टसाठी."

"ठेवणार कुठे? अंगणात तर जागा नाही."

"बारा फूट नऊ इंच लांब आहे. तुमची मागची शेड चौदा फूट."

"तुम्ही मोजली कधी?"

भाईंनी वही उघडून माझ्यापुढे धरली. 'हेरल्डसाठी जागा. नग : एक. शेरा : शेजारी राजी, त्यांची स्कूटर पडवीत.' खालची तारीख गेल्या महिन्यातली होती.